हमालासारखं वागवलं असतं तर बरं झालं असतं

प्राध्यापकांच्या आंदोलनात एक वाक्य हमखास कानावर येतं, 'सरकार आम्हाला हमालासारखं वागवतं.' ते ऐकलं की मला तुर्भ्याचं एपीएमसी मार्केट आठवतं. म्हणावंसं वाटतं, सरांनो, एकदा तिथे चक्कर टाका.

तिथला माथाडी कुणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. आज या गाळ्यावर गोणी, उद्या त्या. याच कारणाने पूर्वी त्याला कुणी वाली नव्हता. मालक विचारायचा, हा माझा माणूस कधी झाला? अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. आता व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळात भरायची, मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार बघायचे. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार, तिघांचे प्रतिनिधी. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. लेव्ही चुकवणारे व्यापारी आहेत, माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही आहेत. पण पाठीवर गोणी घेणाऱ्याचं नाव एका नोंदवहीत आहे आणि त्याच्या मजुरीची बोलणी त्याला वगळून होत नाहीत.

आता तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक बघा. माझा मावसभाऊ सेट झालेला आहे, दोन महाविद्यालयांत शिकवतो. पहाटे फळ मार्केटातल्या एका गाळ्यावर शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या लिहितो, मग आंघोळ करून अर्थशास्त्र शिकवायला जातो. रमजानच्या तोंडावर खजुराची आवक वाढली की सहरीही गाळ्यावरच. मी एकदा विचारलं, दोन्हींतली नोकरी कोणती? म्हणाला, "भाईजान, गाळ्यावरची. तिथे सुट्टी पडली म्हणून कुणी पैसे कापत नाही."

हे सगळं सरकारने केलं, असं म्हणून मोकळं होता येतं. मला बोलायचंय संघटनांबद्दल.

२०१३ साली ४ फेब्रुवारी ते १० मे असा परीक्षांच्या कामावर बहिष्कार होता. भांडण सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचं आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या प्राध्यापकांचं. त्यात सरकारने ७१ दिवसांचा पगार रोखला. पुढे कित्येक वर्षं तो ७१ आकडा प्रत्येक निवेदनात, प्रत्येक मोर्चात होता. मागणी रास्त होती, मी तिच्या विरोधात नाही. पण उन्हाळा, दिवाळी, परीक्षा, सणवार धरले तर तासिकेवाल्याचे असे ७१ दिवस दरवर्षी बुडतात. त्यांचा आकडा कुठल्या फलकावर आला?

२०१८ मध्ये २५ सप्टेंबरपासून बेमुदत कामबंद झालं. (तीच अण्णासाहेबांची जयंती, त्याच तारखेला वाशीत माथाडींचा मेळावा भरतो.) त्या वेळी तासिकेवाल्यांचा प्रश्न मागण्यांत होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नोव्हेंबरमध्ये रिक्त जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० पदं भरायला मंजुरी आली आणि पदवीच्या तासाचा दर ५०० रुपये झाला. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास, म्हणजे चार आठवड्यांचे १८ हजार, तेही एकही तास बुडाला नाही तर. चारच महिन्यांनी, ८ मार्च २०१९ला, सातव्या वेतनाचा शासन निर्णय आला. कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. वर्ग तोच, फळा तोच, पेपर तपासायचे तेही तेच. पुढे तासाचा दर वाढलाही, पण हिशोबाची रीत बदलली नाही.

सरकारचा प्रस्ताव येतो तेव्हा तो स्वीकारायचा की धुडकावायचा, हे ठरवणाऱ्या सभेत बहुतेक हात कायम नोकरीवाल्यांचे असतात. ज्याचा करार सत्रासत्राला संपतो तो सभासद होणार कधी आणि वर्गणी भरणार कुठून? म्हणून प्रस्तावात थकबाकीचा हप्ता किती याची चर्चा दोन तास चालते आणि तासिकेचा मुद्दा 'सरकार सकारात्मक आहे' एवढ्यावर सुटतो. यात कुणाची नियत खराब आहे असं मी म्हणत नाही. ज्याचं पोट ज्या कलमावर, त्याचं लक्ष त्या कलमावर. म्हणून तर ज्याचं पोट आहे तो सभेत असायला हवा.

काही मित्र म्हणतात, तासिकेवाल्यांनी स्वतःची संघटना काढावी. काढल्या आहेत की. पण तासिकेवाल्याने संप केला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येतो. परीक्षा अडते ती कायम माणसाने हात आखडल्यावर. ताकद तुमच्याकडे आणि झळ त्यांना, अशी ही वाटणी आहे.

मागणी अवघड नाही. तासिकेवाल्यांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ करा. प्रत्येक महाविद्यालयाने मानधन आणि वर ठरलेली टक्केवारी तिथे भरावी, दोन-तीन ठिकाणचं काम एका नावावर जमा व्हावं, सुट्टीतही काही हातात पडावं. त्याला कायदा लागेल, वेळ लागेल. पण संघटनेच्या घटनेत दुरुस्ती करून तासिकेवाल्याला नाममात्र वर्गणीत पूर्ण मताधिकार द्यायला मंत्रालयात जावं लागत नाही. येत्या सर्वसाधारण सभेत तो ठराव मांडता येईल, सूचक आणि अनुमोदक दोघेही कायम प्राध्यापक असले म्हणजे झालं.