पाण्यातील पहिले पाऊल

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा हे नवापूर तालुक्यातील बाजाराचे गाव. अशा गावातील व्यापारी घरात कर्त्या पुरुषाला पक्षाघात झाला, की सारे घर नंदुरबार-सुरतेच्या फेऱ्या करू लागते. रुग्ण वाचतो, घरी येतो, आणि खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. पाय थोडा हलतो, पण पाऊल उचलत नाही. धरून उभे केले तर पडण्याच्या धास्तीने सारे अंग ताठते. ‘बाबा, तुम्ही बसूनच राहा,’ असे मुले मायेने म्हणतात. दुकानातील गादी सुटते आणि पलंग हेच त्या माणसाचे जग होऊन बसते. ही माया पुष्कळदा आजाराइतकीच घातक ठरते, कारण न वापरलेला स्नायू झपाट्याने दुबळा होतो.

जलोपचाराचे महत्त्व आहे ते या धास्तीच्या ठिकाणी. माणूस कमरेपर्यंत पाण्यात उभा राहिला की पायांवर शरीराचे सुमारे निम्मेच वजन येते. छातीपर्यंत उतरला की साधारण एक-तृतीयांश, आणि मानेपर्यंत गेला की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. जमिनीवर तोल गेला तर सावरायला क्षणही मिळत नाही. पाण्यात मात्र माणूस सावकाश कलतो, आणि तेवढ्या अवधीत मेंदूला तोल सावरण्याचा सराव घडतो. 33 ते 35 अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात ताठरलेले स्नायूही सैलावतात.

यासाठी वापरण्यात येणाऱ्या पद्धतींपैकी हॅलिविक पद्धती विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. जेम्स मॅकमिलन यांनी 1949 मध्ये लंडन येथील हॅलिविक शाळेतील अपंग मुलींसाठी ती सुरू केली. तिच्यात तरंगण्याची साधने नसतात. प्रत्येक रुग्णाजवळ एक शिक्षक उभा असतो आणि तो आपला आधार हळूहळू कमी करत जातो. प्रथम पाण्यात श्वास सांभाळणे, मग अंग वळवणे, मग स्थिर राहणे, असा तिचा क्रम आहे. स्वित्झर्लंडमधील बाड रागाझ पद्धतीत याउलट रुग्णाला कड्यांच्या आधाराने उताणे तरंगत ठेवून हातापायांचा व्यायाम करवतात.

पाण्याने काय साधते याचे मोठे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी 50 मीटर मुक्त जलतरण 37.33 सेकंदांत पूर्ण केले आणि पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र पाण्याने त्यांचे पाय परत दिले नाहीत. उरलेल्या शक्तीचा पुरेपूर उपयोग करण्याची वाट दिली. उपचार सुरू करण्यापूर्वी कुटुंबाने हा भेद नीट समजून घ्यावा.

पक्षाघातानंतरच्या जलव्यायामाचा 2011 मध्ये झालेला कॉक्रेन आढावा जेमतेम चार लहान चाचण्यांवर आधारलेला होता आणि त्यातून ठाम निष्कर्ष निघाला नाही. पुढील अभ्यासांत तोल व चाल यांत सुधारणा दिसली आहे. तरीही जमिनीवरील व्यायामाला ही जोड आहे, पर्याय नव्हे. पाण्यात साधलेले पाऊल त्याच आठवड्यात ओटीवर, भिंतीला धरून, पुन्हा पुन्हा टाकावेच लागते.

काहींनी पाण्यात उतरूच नये. उघडी शय्याव्रणे, ताप, आटोक्यात नसलेली फेफरे, हृदयविकाराची अस्थिर अवस्था किंवा गिळण्याचा गंभीर त्रास असल्यास डॉक्टर नकारच देतात. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला उष्णतेने अधिक अशक्तपणा येतो. त्याला थंडसर पाणी हवे. पार्किन्सनचा रुग्ण पूर्वी पट्टीचा पोहणारा असला तरी त्याला एकट्याने सोडू नये. मेंदूत विद्युत्-अग्र बसवल्यानंतर काही रुग्ण पोहणेच विसरल्याची नोंद झुरिकच्या डॉक्टरांनी 2019 मध्ये केली आहे. कोमट पाण्यात घाम येतो, तो जाणवत नाही. म्हणून उपवासाच्या, विशेषतः निर्जळी उपवासाच्या दिवशी हा व्यायाम टाळावा. जलकायिक जीवांच्या विचाराने एखाद्या वृद्धाला तलावात उतरणे रुचत नसेल तर आग्रह धरू नये; मनाविरुद्ध उतरलेल्या माणसाचे अंग सैल होतच नाही.

अशी सोय बहुधा मोठ्या शहरांतच मिळते. म्हणून खांडबाऱ्याहून गाडीत बसण्यापूर्वी दूरध्वनीवरच विचारून घ्यावे: पाण्याचे तापमान किती असते? फिजिओथेरपिस्ट रुग्णासोबत पाण्यात उतरतो, की काठावरून सूचना देतो? रुग्णाला उतरवण्यासाठी उतरण किंवा उचलयंत्र आहे का? ‘काठावरून’ असे उत्तर आले तर ते तिकीट काढू नये. नदी, बंधारा वा शेततळे यांचा तर विचारही नको. तिथे तळ दिसत नाही आणि कोमटपणाही नसतो. आठवड्यातून दोनदा जाणे जमत नसेल, तर काही दिवस त्या शहरातील नातलगांकडे राहून उपचार घ्यावेत आणि सोबतच्या मुलाने वा सुनेने जमिनीवरचे व्यायाम तिथेच शिकून घ्यावेत. घरी परतल्यावर दुकानाच्या काउंटरला धरून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे उभे राहता येते. गिऱ्हाईक समोर असले तरी चालते. किंबहुना तेव्हा माणूस अधिक वेळ उभा राहतो.