घोळ माशाचा आवाज कोणी ऐकावा?

ध्वनीच्या साहाय्याने समुद्राचा ठाव घेण्याची विद्या रायगडच्या किनाऱ्याला नवी नाही. पर्ससीन नौकेवरील फिश फाइंडरमधून सुटलेला नाद थव्यावर आपटून परतला, की जाळे टाकण्याचा हुकूम सुटतो. परंतु मासा धरण्याच्या कामी जी विद्या इतक्या तत्परतेने रुजू झाली, ती मासा जाणून घेण्याच्या कामी लावण्याची निकड आपल्या कारभारात दिसत नाही, ही माझी तक्रार आहे.

येथील गढूळ पाण्यात कॅमेऱ्याची दृष्टी थोड्याच अंतरावर कुंठित होते. ध्वनी मात्र त्याच पाण्यातून सेकंदाला सुमारे 1,500 मीटर वेगाने धावतो. शिवाय घोळ, कोथ आणि ढोमा ज्या कुळातले, ते कुळच मुळी बोलके आहे. दीड मीटरपर्यंत वाढणारा घोळ वाताशयालगतच्या स्नायूंच्या जलद आकुंचनाने घुमणारा आवाज काढतो, आणि या कुळातील कित्येक माशांचा आवाज विणीच्या हंगामात विशेष वाढतो. दैवदुर्विलास असा, की ज्या वाताशयातून ही साद उमटते, त्याच्याच किमतीपायी त्याचा जीव जातो: ऑगस्ट 2021 मध्ये पालघरच्या मुरबे गावी 157 घोळ माशांचे सुमारे 1 कोटी 33 लाख रुपये आले.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी ग्रांद बेटानजीक हायड्रोफोन सोडून माशांचे समूहस्वर नोंदविले आहेत. मग मुरूड-श्रीवर्धनसमोर तशी तजवीज का होऊ नये? पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै या ठरावीक मुदतीची असते. मासा मात्र पंचांग पाहून वीत नाही, सबब कोणती जात केव्हा आणि कोठे जमते याचे पुरावे वर्षानुवर्षांच्या श्रवणातून दप्तरी जमा झाले, तर बंदीच्या तारखा जातवार तपासून पाहता येतील. उरणला 1989 पासून चालू असलेल्या बंदराकडे जाणाऱ्या जहाजांचा मंद्र गडगडाट माशांच्या सादेवर कितपत कुरघोडी करतो, हेही त्यातूनच उमगेल.

एक धोका उघड आहे: माशांच्या जमावाचा ठावठिकाणा बाजाराला कळला, तर श्रवणकेंद्र म्हणजे पर्ससीनला दिलेले आमंत्रणच ठरेल. म्हणून ताज्या नोंदी मत्स्यव्यवसाय खात्याने गोपनीय ठेवाव्यात, हंगाम संपताच त्या कोळी सहकारी संस्थांपुढे मांडाव्यात, आणि बंदीचा निर्णय त्यांच्या संमतीनेच अंमलात आणावा.