डेस्कटॉपच्या दारालाही हवी कडी!

मोबाइल खाली ठेवला की थोड्याच वेळात तो आपोआप लॉक होतो. लॅपटॉपचं झाकण मिटता येतं. पण हॉलमधल्या डेस्कटॉपचं काय? कुकरची शिट्टी ऐकून तुम्ही उठता आणि बँकेचं पान, ऑफिसची फाइल, अर्धवट लिहिलेला मेल सगळं उघडंच राहतं.

म्हणूनच आज बोलूया विंडोजच्या लॉक स्क्रीनबद्दल. हे तुमच्या कॉम्प्युटरचं दार आहे. ते सजवा आणि त्याला कडीही लावा!

सजावट

सेटिंग्जमध्ये 'पर्सनलायझेशन' आणि मग 'लॉक स्क्रीन' उघडा. 'विंडोज स्पॉटलाइट' निवडलंत, तर नवनवी छायाचित्रं आपोआप येतात. 'पिक्चर'मध्ये तुमच्या आवडीचा एक फोटो लावता येतो. 'स्लाइडशो'मध्ये फोल्डरमधले फोटो आळीपाळीने दिसतात. स्लाइडशोसाठी वेगळा फोल्डर मात्र नक्की करा. नाहीतर सहलीच्या फोटोंमध्ये आधार कार्डही झळकायचं!

दारावर काय दिसू द्यायचं?

स्क्रीन लॉक असली तरी नोटिफिकेशन्स दिसू शकतात. डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची आठवण पाहुण्यांनी का वाचावी? सेटिंग्जमधल्या 'सिस्टम'मध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडा आणि लॉक स्क्रीनवर सूचना दाखवण्याचा पर्याय बंद करा.

आता कडी

• आधी 'अकाउंट्स'मधल्या 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये पिन ठेवा. जन्मतारीख किंवा १२३४ नको. पिनची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवू तर मुळीच नका!

• उठताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबा. झालं लॉक! उघडलेलं काम आत जसंच्या तसं राहतं.

• विसरण्याची सवय आहे? लॉक स्क्रीनच्या पानावर खाली 'स्क्रीन सेव्हर' आहे. त्यातला एखादा निवडा, 'वेट'मध्ये ५ मिनिटं ठेवा आणि 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन'वर टिक करा. 'थ्रीडी टेक्स्ट' निवडलंत, तर स्क्रीनवर तुमचे स्वतःचे शब्दही फिरतील. 'आई कामात आहे' असं लिहून बघा!

• 'साइन-इन ऑप्शन्स'मध्येच 'डायनॅमिक लॉक' आहे. ब्लूटूथने जोडलेला फोन घेऊन तुम्ही लांब गेलात, की थोड्याच वेळात कॉम्प्युटर स्वतःच लॉक होतो.

घरच्यांपासून काय लपवायचं?

हा प्रश्न येणारच. पण कडी म्हणजे अविश्वास नव्हे. मुलीची डायरी, बाबांचं बँक खातं, सुनेचं ऑफिसचं काम, प्रत्येकाचा एक कोपरा असतो. एकच कॉम्प्युटर सगळे वापरत असतील, तर प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करा. मग प्रत्येकाचा पिन वेगळा आणि फाइलीही वेगळ्या. मुलांनाही कळेल, की दुसऱ्याच्या खोलीत शिरताना दार वाजवायचं असतं, तसंच इथेही!

दहा मिनिटांचं काम आहे. आज संध्याकाळी सगळे घरी असताना एकत्र बसूनच करा.