पुणे ग्रँड टूर झाली, रस्ते गुळगुळीत झाले. मग घाटात सायकल चालवणं सोपं झालं का?

जानेवारी २०२६ मध्ये पाच दिवस पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर वेगळंच चित्र होतं. बॅरिकेड, पोलीस, शाळेची मुलं रस्त्याच्या कडेला उभी, आणि समोरून वाऱ्यासारखा जाणारा सायकलस्वारांचा घोळका. ही होती पुणे ग्रँड टूर. शर्यतीचे रील्स सगळ्यांनी पाहिले. पण त्यातून एक प्रश्न उरतो. याच रस्त्यांवर साध्या माणसाला साध्या रविवारी सायकल चालवता येईल का?

आधी शर्यत काय होती ते पाहू

१९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर. सुरुवातीला शहरात छोटी प्रोलॉग फेरी आणि नंतर चार टप्पे. मुळशी-मावळ, भोर-राजगड (म्हणजे जुना वेल्हे तालुका), पुरंदर-बारामती आणि शेवटी पुणे-पिंपरी चिंचवड.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या यादीत या शर्यतीचा दर्जा '२.२' होता. यातला पहिला २ सांगतो की शर्यत अनेक टप्प्यांची आहे. एकाच दिवसाची असती तर तिथे १ असता. दुसरा २ म्हणजे दुसरी श्रेणी. या दर्जाच्या शर्यतीत जागतिक क्रमवारीचे गुण मिळतात, म्हणून परदेशी संघ येतात. टूर दि फ्रान्सच्या तुलनेत ही बरीच खालची पायरी आहे, पण भारतासाठी पहिलीच.

घाटातली शर्यत मात्र महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळायचा. फ्रान्समध्ये लाल ठिपक्यांची जर्सी देतात, आपल्याकडे थेट राजाच.

घाट चढायला नेमकी किती ताकद लागते?

घाटाची अवघडता टक्क्यांत मोजतात. १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ६ मीटर वर गेला, तर चढ ६ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण गणित करून पाहा.

असा ५ किलोमीटरचा चढ म्हणजे ३०० मीटर उंची. स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरलं आणि ताशी १० किलोमीटर वेग ठेवला, तर अर्धा तास लागतो. या अर्ध्या तासात फक्त गुरुत्वाकर्षणाशी लढायला सतत सुमारे १३० वॉट ताकद लागते. वारा आणि टायरचं घर्षण वेगळं. पायांनी ६० वॉटचे दोन जुने बल्ब सलग अर्धा तास पेटते ठेवण्यासारखं हे काम आहे. पुण्याच्या सायकलस्वारांचा लाडका सिंहगड घाट तर सुमारे ९ किलोमीटरचा आहे आणि काही वळणांवर चढ याहून बराच कडक आहे.

पण खरी अडचण ताकदीची नाही. चढताना सायकलचा वेग ताशी ८-१० किलोमीटर असतो आणि शेजारून जाणाऱ्या गाडीचा ५०-६०. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. अशा वेळी रस्ता गुळगुळीत असणं हे सायकलवाल्याच्या फायद्याचंच असेल असं नाही, कारण तो गाडीवाल्यालाही तितकाच गुळगुळीत मिळतो.

शर्यतीचा रस्ता आणि सायकलचा रस्ता यात फरक काय?

शर्यतीच्या वेळी समोरून वाहन येत नाही. त्यामुळे डांबर सपाट असलं आणि गतिरोधक नसले की काम भागतं.

रोजच्या रस्त्याचं गणित उलटं आहे. शाळेसमोर, गावठाणात, वळणाच्या आधी गाड्यांचा वेग कमी करणारं काहीतरी हवंच. कडेला मीटरभर तरी पक्की साइडपट्टी हवी, नाहीतर हॉर्न वाजला की सायकल थेट खडीत. गटारावरच्या जाळ्यांच्या फटी सायकलच्या चाकाला आडव्या हव्यात. उभ्या फटीत बारीक टायर अडकला की स्वार पडलाच म्हणून समजा.

हा प्रश्न फक्त हेल्मेट आणि लायक्रा घालून येणाऱ्या शहरी हौशींचा नाही. त्याच कडेने दूधवाला जातो आणि शाळेच्या मुली जातात. राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. सायकल सरकारने दिली, पण ती चालवायला जागा कुठे, हा प्रश्न राहतोच.

शर्यतीनंतर काय होतं? इंग्लंडचं उदाहरण

इंग्लंडमधला यॉर्कशायर हाही डोंगराळ, शेतीवाडीचा भाग. २०१४ मध्ये टूर दि फ्रान्सची सुरुवात तिथून झाली आणि मोठी गर्दी लोटली. त्या जोरावर २०१५ ते २०१९ अशी पाच वर्षं 'टूर दि यॉर्कशायर' भरली. मग कोविड आला आणि ती पुन्हा कधीच झाली नाही. २०२२ मध्ये ती भरवणारी पर्यटन संस्थाही बंद पडली.

पण त्याच भागातून जाणारा 'वे ऑफ द रोझेस' हा सुमारे २७० किलोमीटरचा सायकल मार्ग आजही सुरू आहे. तो २०१० चा, म्हणजे शर्यतीच्या आधीचा. त्यासाठी मोठा नवा रस्ता बांधला नाही. कमी रहदारीचे गावरस्ते निवडून जोडले आणि वळणावळणावर पाट्या लावल्या. शर्यत गेली, पाट्या राहिल्या.

मग आपल्याकडे काय करता येईल?

पहिली गोष्ट, रस्ते निवडणं. ताम्हिणी घाट सुंदर आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग असते. त्यापेक्षा धरणांच्या कडेचे आणि वाड्यावस्त्या जोडणारे रस्ते निवडून त्यांवर पाट्या लावणं स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट, पावसाळा. ताम्हिणी परिसरात एका मोसमात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भोर-महाड मार्गावरचा वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो. इथे डांबराचा पहिला शत्रू पाणी आहे. चर आणि मोऱ्या साफ नसतील, तर जानेवारीचा गुळगुळीत रस्ता ऑगस्टमध्ये खड्ड्यांचा होतो.

तिसरी गोष्ट, नियम. मोटार वाहन कायद्यातलं कलम १३८(१अ) राज्यांना पादचारी आणि बिगरमोटार वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार देतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सहा महिन्यांत असे नियम करायला सांगितलं. त्यात शहरातल्या फुटपाथसोबत घाटरस्त्यांचाही विचार होतो का, हे पाहावं लागेल.

गावाला यातून काय मिळेल?

शर्यतीचा घोळका गावातून अर्ध्या मिनिटात निघून जातो, चहालाही थांबत नाही. हौशी सायकलस्वाराला मात्र थांबावंच लागतं. त्याला भूक लागते, पाणी संपतं, पंक्चर होतं. सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही विकणाऱ्यांना हे गणित कधीच कळलंय.

त्यामुळे पुणे ग्रँड टूरचं यश विजेत्याच्या वेळेपेक्षा पुढच्या दोन पावसाळ्यांनंतर मोजलेलं बरं. रस्ता टिकला का, गाड्यांचा वेग आवरला का, आणि सातवीतली मुलगी त्याच रस्त्याने एकटी सायकलवर शाळेत जाऊ शकते का? या तीन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील, तर ४३७ किलोमीटरवर केलेला खर्च सत्कारणी लागला असं म्हणता येईल.