ध्वनिमुद्रण कुणाच्या ताब्यात?

कोकणात कुणकेश्वरच्या पट्ट्यात आता अधूनमधून असं घर लागतं, ज्यातली एक खोली 'स्टुडिओ' म्हणून ओळखली जाते. चिऱ्याच्या भिंतींना आतून जुन्या गोधड्या टांगलेल्या, टेबलावर लॅपटॉप, दोन माइक जोडता येतील असा छोटा ऑडिओ इंटरफेस आणि कोपऱ्यात कापडाखाली पेटी. इथून भजनं निघतात, गणपतीची गाणी निघतात, एखादा मालवणी रॅपही निघतो. अशा खोलीत पहिला प्रश्न ठरलेला: 'सॉफ्टवेअर खयचा बरा?' उत्तरं मिळतात ती किमतीची, प्लगइनची आणि कुणा मित्राच्या आवडीची. या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

त्या इतिहासातली एक गोष्ट सतत खटकते. गाणं ज्याचं, त्याच्या हाती ध्वनिमुद्रणाचं यंत्र जवळजवळ कधीच नव्हतं, आणि यंत्र ज्याचं, त्यानेच गाण्याचा आकार ठरवला.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित करत होता. मेणावर उमटलेला आवाज बोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचा, तिथे तबकड्या छापल्या जायच्या आणि मग त्या इकडे विकायला यायच्या. १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत हा द्राविडी प्राणायाम चालू होता. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर रंगणारा ख्याल त्यात बसवायचा, म्हणजे आलाप छाटायचा आणि थेट तानांवर यायचं. नाट्यपदांना हे त्या मानाने सोसलं, पण 'वन्स मोअर' घेत पद पसरवत नेण्याची रंगभूमीवरची मजा तबकडीत उतरली नाही.

गायिका केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या फारशा उत्साही नव्हत्या. तरीही १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत जे हिंदुस्थानी गाणं गेलं, ते त्यांचंच, आणि ती भैरवीही साडेतीन मिनिटांचीच. सूर्यमालेच्या वेशीबाहेर केसरबाईंची मैफल गेलेली नाही, शेलॅकच्या तबकडीच्या मापाची भैरवी गेली आहे. अप्रतिम आहे ती. पण माप त्यांचं नव्हतं.

रेडिओची तऱ्हा वेगळी नव्हती. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. या वाद्यावर मींड येत नाही, त्याचे सूर आपल्या संगीताला धरून नाहीत, हा आक्षेप विद्वानांचा होता आणि शास्त्र म्हणून तो खोटाही नव्हता. पण कोकणात भजनीबुवा आणि पेटी वेगळे काढता येत नाहीत. पेटीवर बोटं ठेवूनच बुवा गजर चढवतात. माध्यम ज्याच्या ताब्यात, तो कोणतं वाद्य शुद्ध ते ठरवतो, हे तेव्हा स्पष्ट दिसलं.

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे तिचा खरा सुळसुळाट ऐंशीच्या दशकात झाला. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, मांडवात रंगमंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून कुणीही दोन्ही बुवांच्या बाऱ्या टिपू लागला. साठ मिनिटांच्या कॅसेटची बाजू अर्ध्या तासात संपते, त्यामुळे ऐन गजरात 'खट्' आवाज येऊन टेप थांबणं हा कोकणातल्या कित्येक घरांचा अनुभव असेल. पण यंत्र पहिल्यांदाच श्रोत्याच्या हाती आलं होतं. चाकरमान्यांनी त्या कॅसेटी गिरणगावात नेल्या, तिथे त्यांच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती निघाल्या. बुवांना त्यातून दमडी मिळाली नाही ही बाजूही विसरू नये. नंतर पावसाळ्यांनी टेपवर बुरशी चढवली. जी कॅसेट वाचली, ती मात्र आजही कोणत्याही चालू डेकमध्ये वाजते.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचंही तसंच. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी जुन्या बाजारातून तबकड्या उचलल्या आणि त्या वाजल्या, कारण खाचेत आवाज आहे आणि खाच वाचायला सुई पुरते. कंपनी बुडाली तरी सुईला कुणाची परवानगी लागत नाही.

आता संगणकाकडे येऊ. अटारी एसटी हा संगणक १९८५ साली मिडीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची, जोडणी अंगावर घेऊनच आला. १९८९ मध्ये त्यावर क्युबेस हे संगीताचं सॉफ्टवेअर आलं, १९९१ मध्ये मॅकवर प्रो टूल्स, आणि मोठ्या स्टुडिओंतली टेपची रिळं हळूहळू बाजूला पडली. १९९७ मध्ये क्युबेसवाल्या स्टाइनबर्गच्या 'आसिओ' या तंत्रामुळे साध्या संगणकावरही आवाज विलंब न जाणवता कानात परत येऊ लागला. घरच्या स्टुडिओचा पाया तिथे पडला. पण याच काळात एक नवीन प्रकार सुरू झाला. तेव्हाच्या अटारीवरच्या प्रोजेक्टची फ्लॉपी आज हाती लागली, तर ती उघडण्यासाठी आधी तो जमाना उघडावा लागेल.

आणि कंपन्या! लॉजिक बनवणारी एमॅजिक कंपनी २००२ मध्ये ॲपलने विकत घेतली आणि विंडोजवरच्या लॉजिकचा विषय तिथेच मिटवला. वर्षानुवर्षं त्यावर काम केलेल्यांनी मॅक घ्यावा किंवा दुसरं काही शिकावं. केकवॉक हे सॉफ्टवेअर डॉसच्या दिवसांपासून चालत आलेलं. ते रोलंडकडे गेलं, २०१३ मध्ये गिटारवाल्या गिब्सनकडे गेलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने त्याचं काम बंद केल्याचं जाहीर केलं. चार महिन्यांच्या आत सिंगापूरच्या बँडलॅबने ते उचललं आणि फुकट वाटलं. ऑडॅसिटी हे तर मुक्त सॉफ्टवेअर, २००० सालापासून सगळ्यांचं. २०२१ मध्ये त्याचा कारभार म्युझ ग्रुपकडे गेला आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून गदारोळ झाला. यात कुणी खलनायक शोधण्याची गरज नाही, धंदा असाच चालतो. पण आपल्या गावातल्या बुवांचा आवाज या खरेदी-विक्रीत का अडकावा?

निवडीची पहिली कसोटी मला म्हणूनच अशी वाटते: हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं, किंवा वर्गणी भरायची थांबली, तर माझ्या हातात काय उरतं? रीपरची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची असते, कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. वैयक्तिक वापराचा त्याचा परवाना साठ डॉलरला मिळतो. आर्डर तर मुक्त स्रोताचंच आहे. भजनाचं ध्वनिमुद्रण करणाऱ्याने या दोघांपैकी एक घ्यावं, असं माझं मत आहे. रॅपवाल्या पोरांनी एफएल स्टुडिओ घेतलं तर मी वाद घालणार नाही. तालाचे ठोकळे रचायला ते सोयीचं आहे आणि एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या मोफत मिळतात.

दुसरी कसोटी त्या तीन मिनिटांच्या मापाची नवी आवृत्ती आहे. बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की समोर मिनिटाला १२० ठोके आणि चार-चारचे रकाने मांडलेले दिसतात. या रकान्यांत अभंग बसवता येतो, गजर बसत नाही. गजराची लय चढत जाते. झांजवाला आणि पखवाजवाला एकमेकांच्या डोळ्यांत बघून ती चढवतात. कानात ठरलेल्या ठोक्याचा क्लिक लावून हा गजर ध्वनिमुद्रित केला की ठोका न् ठोका बिनचूक येतो आणि ऐकणारा उठत नाही. म्हणून क्लिक बंद करून, रकाने लपवून, नुसती टेप फिरावी तसं सलग ध्वनिमुद्रण करता येतं का, हे आधी पाहावं. बहुतेकांत येतं, आपण करत नाही. सूर सरळ करणाऱ्या ऑटो-ट्यूनचंही तेच. १९९७ मध्ये ते आणणारे अँडी हिल्डेब्रँड पूर्वी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातल्या लहरींचा अभ्यास करत. कल्पना हुशारीची आहे, पण पाश्चात्त्य सुरांच्या पायऱ्यांवर लावून ठेवलं तर ते गवळणीतली मींड कापतं. कधीकाळी हार्मोनियमवर हाच आरोप होता!

बाकी समुद्राची गाज, कौलांवरचा पाऊस आणि मिक्सिंगच्या मध्यावर जाणारी वीज यांवर कोणत्याही सॉफ्टवेअरचा इलाज नाही. गाजेचा खर्ज फिल्टरने थोडा उतरतो. पावसाळ्यात ध्वनिमुद्रण पुढे ढकलावं. खाऱ्या हवेने माइकच्या पिना गंजतात, त्या पुसाव्यात.

ध्वनिमुद्रण टिकवण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण उपयोगी आहे. पुण्यात गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकात नेल्या, आणि २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या लोकांना ऐकायला मिळू लागल्या. वही, टेप, संगणक, इंटरनेट अशी प्रत्येक मुक्कामावर कुणीतरी हमाली केली म्हणून तो ठेवा टिकला.

घरच्या स्टुडिओवाल्याला ही हमाली सोपी आहे. मिक्सिंग संपलं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या क्षणापासून शेवटापर्यंत सलग, वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढायचा. हा प्रकार १९९१ पासून आहे आणि सगळ्यांना वाचता येतो. मांडवातली चार तासांची डबलबारी आठ ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटला घेतली तर सगळं मिळून साडेसोळा जीबीच्या आसपास भरते, म्हणजे बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावते. एक प्रत गावात, एक लालबागच्या भावाकडे. चतुर्थीला तो येणारच आहे. तेव्हा दोन्ही प्रती उघडून बघाव्यात.

फाइलींना नावं द्यायची. 'ऑडिओ १४' या नावाच्या फाइलीत पखवाज आहे की कोरस, हे दोन वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. जुन्या तबकड्यांच्या शेवटी गौहर जान स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्याने सांगायची, कारण हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणाचा आवाज कोणता ते त्यावरून कळायचं. तेच बुवांना सांगावं: पेटीला हात घालण्याआधी माइकवर नाव, गाव, तारीख, पट्टी आणि पखवाजवाल्याचं नाव बोला. पखवाजवाल्याचं नाव हमखास राहतं.