विश्लेषण : पाच सेकंदांत बुडणारा टॉवेल आणि सोलापूरचा प्रश्न

लग्नाच्या आहेरातली टॉवेल-टोपी बहुतेक घरांत घडी न मोडताच पुढच्या लग्नाला रवाना होते. त्या टॉवेलने पाणी टिपावे, अशी कुणाची अपेक्षाच नसते. जपानमधल्या इमाबारी या शहराने मात्र नेमकी हीच अपेक्षा पुढे केली आणि बुडत्या धंद्याला आधार मिळवला. चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळून सुमारे दोन दशके झाली तरी नकली मालाशी झगडणाऱ्या सोलापूरने हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायला हवे.

इमाबारीत काय बिघडले होते?

शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतातले हे शहर १८९४ पासून टॉवेल विणते. डोंगरातून येणारे मृदू पाणी हे तिथल्या धुलाई-रंगाईचे बळ. १९७६ मध्ये इथे ५०० हून अधिक कारखाने होते आणि १९९१ मध्ये उत्पादन ५० हजार टनांवर गेले. मग चीन, व्हिएतनाममधून स्वस्त टॉवेल येऊ लागले. २००९ पर्यंत उत्पादन १० हजार टनांच्याही खाली आले. मधल्या काळात, २००१ मध्ये, उत्पादकांनी सरकारकडे आयातीवर निर्बंध मागितले होते. ते मिळाले नाहीत.

दुखणे केवळ आयातीचे नव्हते. इमाबारीचे कारखाने बड्या ब्रँडसाठी टॉवेल विणून देत. मालावर नाव त्या ब्रँडचे. गिऱ्हाइकाला इमाबारी ठाऊकच नव्हते, त्यामुळे ठेकेदाराने काम दुसऱ्या देशात नेले तेव्हा कुणाच्या लक्षातही आले नाही.

आधी चिन्ह की आधी चाचणी?

२००६ मध्ये उत्पादक संघटनेने काशिवा सातो या नामवंत डिझायनरला गाठले. ते सुरुवातीला फारसे उत्सुक नव्हते. टॉवेल स्वतः वापरून पाहिल्यावर त्यांनी होकार दिला. लाल, निळ्या, पांढऱ्या रंगांतले त्यांचे चिन्ह आज जपानभर ओळखीचे आहे. पण आपल्याकडे ही गोष्ट सांगताना चिन्हापाशीच थांबतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

खरे काम चिन्हामागच्या अटीत आहे. टॉवेलचा एक सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा पाण्यावर सोडायचा. पाच सेकंदांच्या आत तो बुडू लागला पाहिजे. याशिवाय रंगाचा पक्केपणा आणि मजबुतीच्याही चाचण्या आहेत. त्या पार करणाऱ्या मालालाच लेबल मिळते आणि लेबलवर कारखान्याचा क्रमांक असतो. म्हणजे टॉवेल खराब निघाला तर तो कोणाचा, हे लगेच कळते. संघटनेचा सभासद असला म्हणून कुणाला चिन्ह आपोआप मिळत नाही.

सातोंचा दुसरा आग्रह स्थानिकांच्या पचनी पडायला जड गेला. जॅकार्डची रंगीत नक्षी हा इमाबारीचा अभिमान, तर हे म्हणाले, आधी साधा पांढरा टॉवेल पुढे करा. कारण सरळ आहे. नक्षी नसली की कापडाचा कस लपवता येत नाही. पुढे टॉवेलची पारख शिकवणारी परीक्षा सुरू झाली, २०१२ मध्ये टोकियोच्या उच्चभ्रू वस्तीत दुकान निघाले. हे सगळे चाचणीनंतरचे.

धंदा खरेच सावरला का?

अर्धाच. घसरण थांबली, २०१६ च्या सुमारास उत्पादन १२ हजार टनांवर आले. शिखराच्या तुलनेत हे चौथा हिस्साच. बंद पडलेले शेकडो कारखाने उघडले नाहीत. बदलला तो भाव आणि मालावरचे नाव. ब्रँडिंगने गावातला प्रत्येक माग पुन्हा चालू होतो, असे सांगणाऱ्या सल्लागारांपासून जरा जपूनच राहावे.

मग सोलापूरकडे काय कमी आहे?

नाव तर आहेच. ‘सोलापुरी चादर’ म्हटले की वेगळी ओळख द्यावी लागत नाही. इमाबारीला जे नव्याने कमवावे लागले, ते तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे कधीच कमावून ठेवले आहे. कायदाही बाजूने आहे. तरीही पानिपतसारख्या ठिकाणची स्वस्त चादर ‘सोलापुरी’ म्हणून खपते, ही यंत्रमागधारकांची जुनी तक्रार. गिऱ्हाइकाने दोन चादरी शेजारी ठेवल्या तर खरी कोणती, हे त्याने ओळखायचे कशावरून?

मानांकनामुळे नाव वापरण्याचा हक्क ठरतो. त्यासाठी प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. पण गिऱ्हाइकाला घरी पडताळता येईल अशी खूण त्यातून आपोआप तयार होत नाही. सोलापूरच्या संघटनांनी टॉवेलपासून सुरुवात करावी. एक सोपी चाचणी ठरवावी, कारखान्याचा क्रमांक लेबलवर छापावा आणि नापास मालाला लेबल नाकारण्याची हिंमत ठेवावी. हे शेवटचे सर्वांत अवघड, कारण नापास होणारा बहुधा आपल्याच ओळखीतला असणार. नवा टॉवेल मऊ लागावा म्हणून वापरलेली रसायने अनेकदा पाणी टिपू देत नाहीत. अशी रसायने वापरणाऱ्याला हातातला मऊपणा सोडावा लागेल. दुकानात तो थोडा कमी खपेल, हेही मान्य करावे लागेल.

आणखी एक गोष्ट इमाबारीला उशिरा उमगली. २०१९ मध्ये ‘एनएचके’ वाहिनीने तिथल्या एका टॉवेल कारखान्यातल्या व्हिएतनामी प्रशिक्षणार्थींचे हाल दाखवले. कारखाना संघटनेचा सभासद नव्हता, सभासदांचे उपकंत्राटी काम करत होता. टीका मात्र इमाबारी या नावावरच झाली आणि संघटनेला नैतिक जबाबदारी स्वीकारावी लागली. सोलापुरात लेबल छापायचे ठरले तर पाणी टिपण्याच्या अटीशेजारी मागावरच्या कामगाराची मजुरी आणि शिलाई-घडीचे काम करणाऱ्यांचा दर, याही अटी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवाव्या लागतील.