वर्गात नसलेल्या मुलींची बातमी

कॉलेजवरचे फीचर लिहायचे म्हणजे कॅन्टीनमध्ये चार-पाच जणांशी बोलायचे, दोन फोटो काढायचे आणि प्राचार्यांची प्रतिक्रिया जोडायची, अशी सोपी रीत पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांत पडून गेली आहे. या रीतीत एक मोठी उणीव आहे. कॅम्पसवर भेटतात ते टिकलेले विद्यार्थी. जे मध्येच गळाले, ते कॅन्टीनमध्ये भेटत नाहीत. मुस्लिम विद्यार्थिनींच्या बाबतीत तर खरी बातमी त्या गळालेल्यांचीच आहे, असे माझे मत आहे.

गेल्या वर्षी आमच्या विभागाच्या प्रायोगिक अंकासाठी ‘कॅम्पसवरील मुस्लिम मुली’ हा विषय माझ्याकडे आला. मी मुस्लिम आणि मुलगी, त्यामुळे मुली माझ्याशी मोकळेपणाने बोलतील, असा हिशेब होता. सोबत सूचना होती : स्कार्फबद्दल विचार, फोटो मिळाला तर उत्तम. हेतू वाईट नव्हता; पण मुलींना काही विचारण्याआधीच मथळा ठरून गेला होता.

मी सुरुवात फोटोपासून केली नाही. एका तुकडीत प्रथम वर्षाला कोण होत्या आणि तृतीय वर्षाला कोण उरल्या, हे त्यांच्या वर्गमैत्रिणींना विचारत गेले. ज्या उरल्या नव्हत्या त्यांचे फोन नंबर मिळवले. काही जणी बोलल्या, काहींच्या घरच्यांनी फोन ठेवून दिला.

बोलल्या त्यांची कारणे एका साच्यातली नव्हती. एकीचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर महाविद्यालयाच्या पातळीवरच पडून राहिला आणि दरम्यान फी भरायची मुदत आली. दुसरी खेड्यातून एसटीने येत असे. ग्रामीण मुलींना मिळणारा एसटीचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. पुढे सवलतीच्या पासलाही दरमहा पैसे मोजावे लागतात. तिसरीचे लग्न ठरले होते. तिला शिकायचे होते, पण तिचे मत कोणी विचारले नव्हते. यातल्या एकीनेही स्कार्फचा विषय स्वतःहून काढला नाही. पेहरावाचा प्रश्न नसतोच असे मी म्हणणार नाही. पण तो एकच प्रश्न आहे, हे बातमीदाराने आधीच ठरवू नये.

आकडे मागितले तेव्हा कार्यालयाने ‘गोपनीय’ म्हणून सांगितले. मी माहिती अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा असते, शुल्क दहा रुपये. मी एकही नाव मागितले नाही. फक्त वर्षवार संख्या मागितली. तीस दिवसांनी आलेले उत्तर अर्धवट होते, म्हणून प्रथम अपील केले. ही प्रक्रिया कंटाळवाणी आहे, पण ‘सूत्रांकडून कळते’ या शब्दांपेक्षा जावक क्रमांक असलेला कागद वाचकाला जास्त काही देतो.

देशपातळीवरचे आकडेही जपून वापरावे लागतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०१९-२० मध्ये मुस्लिम विद्यार्थी सुमारे २१ लाख होते, २०२०-२१ मध्ये ते १९.२ लाखांवर आले. ही घसरण बरीच गाजली. पुढच्याच वर्षी संख्या पुन्हा २१ लाखांवर गेली, त्याची चर्चा फारशी झाली नाही. दोन्ही सांगितले तरी मूळ प्रश्न उरतोच : २०११च्या जनगणनेत १४.२ टक्के असलेला समाज उच्च शिक्षणात पाच टक्क्यांच्याही आत आहे. अशा वेळी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करत असल्याचे लोकसभेत सांगितले. इतर योजनांशी दुबार होते, हे कारण दिले गेले. संशोधनापर्यंत पोहोचणाऱ्या मुली मुळात मूठभर. त्यांच्यासाठी हे कारण पुरेसे आहे का, हे विचारणे बातमीदाराचे काम आहे.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र आपल्याच लोकांकडून आला. ‘घरातली गोष्ट बाहेर कशाला? आधीच आपल्याविरुद्ध काय कमी लिहिले जाते?’ ही भीती खोटी नाही. लग्नाचा उल्लेख उचलून कोणी संपूर्ण समाजावर शिक्का मारील, हे मलाही दिसत होते. पण त्या भीतीपोटी तो उल्लेख गाळला असता, तर त्या मुलीला दुसऱ्यांदा गप्प केल्यासारखे झाले असते. आणि शिष्यवृत्तीची दिरंगाई गाळली असती, तर दोष सगळा घरावर गेला असता. शासन, महाविद्यालय आणि कुटुंब या तिघांनाही एकाच लेखात प्रश्न विचारणे हाच न्याय.

त्या मुलीने मजकूर छापायला परवानगी दिली, एका अटीवर : नाव नको, गाव नको. मी तिची शाखाही काढून टाकली, कारण छोट्या गावात तेवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. छापण्यापूर्वी तिचा भाग तिला फोनवर वाचून दाखवला. लेख फोटोशिवाय छापून आला.

पत्रकारिता शिकणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे आहे. पुढच्या फीचरसाठी कॅम्पसवर जाल तेव्हा समोर बसलेल्यांशी जरूर बोला. पण रिकाम्या बाकावर कोण बसत होते, हे त्यांना विचारायला विसरू नका. आणि पालकांनी, मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी अशा प्रश्नांनी बिथरून जाऊ नये. आपल्या मुलींबद्दल आपणच विचारले नाही, तर बाहेरचे विचारतील, तेही फक्त फोटोपुरते.